पाच मिनिटांची धुरी

चारुशीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला कुवेतला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत काय काय होतं ते सांगायला बसलं तर नात लग्नाची होईल. डिंकाचे लाडू, अहळीव, सुंठ, जुन्या सुती साडीची लंगोटं, गुटीची सहाण, आणि या सगळ्याच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेली एक स्टीलची डबी. डबीत धुरीचं सामान. ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, लसणीच्या वाळक्या साली. बाळाला अंघोळ घालायची, अंग कोरडं करायचं, निखाऱ्यावर यातली चिमूट टाकायची आणि त्या धुरावर बाळ शेकायचं. मग बाळ तीन-तीन तास डाराडूर. नाशिकला सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीत बावीस बाळं बाईंच्या पायांवर न्हाली होती. त्यांतल्या एकालाही कधी सर्दी झाली नाही असं त्या छातीठोकपणे सांगायच्या, आणि खोटं म्हणायची त्या बावीस आयांपैकी एकीचीही टाप नव्हती.

पण कुवेतला पहिल्याच धुरीला फजिती झाली. मंगाफमधला आठवा मजला, खिडक्या बंद, आणि बाईंनी गॅसवर कोळसे फुलवून छान घमघमीत धुरी केली. छतावरचं पांढरं यंत्र असं काही केकाटलं की अख्खी इमारत जिन्यानं खाली धावली. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, अनवाणीच धापा टाकत वर आला. जावयानं त्याची माफी मागितली, खाली उभ्या असलेल्या वीस-पंचवीस बिऱ्हाडांची माफी मागितली, आणि वर येऊन सासूबाईंना हात जोडले.

“आई, पुन्हा नको.”

जावई म्हणजे आलोक. रिफायनरीत सेफ्टीला होता. बंद टाकीत माणूस उतरायच्या आधी आतली हवा तपासायची आणि मगच परवानगीच्या कागदावर सही करायची, हे त्याचं काम. स्वभावानं मवाळ. सासूशी आवाज चढवून कधी बोलला नाही, पण त्या दिवशी त्यानं त्यांना खुर्चीवर बसवून नीट समजावलं.

“धुराचं मला एवढं काही वाटत नाही. धूर दिसतो, डोळ्यांत जातो, माणूस खोकत बाहेर पळतो. भीती कोळशाची आहे. पेटलेल्या कोळशातून एक गॅस निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती झोप येते. आणि झोपला की झोपला.”

“आमच्या आज्या-पणज्या शेगडीचा शेक घेऊनच बाळंतपणातून उठल्या,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “त्या काय मेल्या?”

“त्यांच्या घरांवर कौलं होती, आई. शंभर फटींतून हवा खेळायची. इथं कुठून येणार?”

बाईंनी मान डोलावली आणि मनावर काडीइतकंही घेतलं नाही. सेफ्टीवाला झाला म्हणून काय, बाळंतपणातलं याला काय कळतंय? तेव्हापासून नातीला, अक्षराला, शिंक आली तरी धुरी नाही म्हणून, उचकी लागली तरी धुरी नाही म्हणून. ते कार्टं रात्र-रात्र रडायचं. लेकीच्या, जुईलीच्या, डोळ्यांखाली काळं धरलं होतं. जाब्रियातल्या दातांच्या दवाखान्यात ती टेक्निशियन होती, रजा संपत आली होती, आणि सलग दोन तास झोप म्हणजे काय हे पोरगी विसरून गेली होती. तिच्याकडे बघून बाईंच्या पोटात तुटायचं. हातात औषध आहे आणि देता येत नाही! त्यांना जावयाचा राग यायचा तो याचाच.

सव्वा महिना पुरा झाला. बाईंचा व्हिसा संपायला आठ दिवस उरले. आईंनी इथं येऊन चार भिंतींशिवाय काही पाहिलं नाही, दोन दिवस कुठेतरी नेऊन आणू, असं आलोकनंच काढलं.

खैरानला समुद्राचं पाणी आत घेऊन मोठं तळं केलंय. सगळे त्याला इंग्रजीत लेकच म्हणतात. काठानं बंगले, होड्या, खाण्यापिण्याची दुकानं. सुट्टीच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. तिथून जरा आत, वाळूत, एक तंबूंचं हॉटेल आहे. नाव सांगून त्यांची फुकट जाहिरात कशाला करायची! जुन्या काळच्या वाळवंटी तळाचा सगळा थाट. काळ्या लोकरीचे तंबू, प्रत्येकापुढे फायबरचा एक उंट, नोकरांच्या डोक्यांना फडकी, आत लोड-गालिचे नि पितळी दिवे, आणि त्या गालिच्यांखालून लपवून नेलेल्या विजेच्या तारा. बाहेर मैलोन् मैल खरं वाळवंट पडलंय आणि माणसं हौसेनं खोट्यात राहायला येतात. पण उंटाचा रंगवलेला लांब चेहरा बघून जुईली खुदकन हसली. किती दिवसांनी हसली. तेवढ्यावर बाईंनी त्या हॉटेलाला सगळं माफ केलं.

आणि तंबूच्या दाराशी त्यांना दिसली शेगडी. पितळेची, रुंद काठाची, तीन पायांची. इकडे तिला दुव्वा म्हणतात. थंडीत तिच्यावर कॉफीची किटली ठेवून गप्पा मारत बसायचं. शेजारी लोखंडी पाटी होती. पाटीवर तंबूचं चित्र, तंबूत शेगडी, आणि शेगडीवर भली मोठी लाल फुली. बाईंनी पाटी पाहिली. मग तंबूत शिरून सवयीनं वर छताकडे पाहिलं. ते केकाटणारं पांढरं यंत्र त्यांना कुठं दिसलं नाही.

रविवार होता. इकडे तो आठवड्याचा कामाचा दिवस, त्यामुळे हॉटेल ओस पडलेलं. आजूबाजूच्या पाच-सहा तंबूंत चिटपाखरू नव्हतं. जानेवारीतलं वारं तळ्यावरून येत होतं आणि सकाळी आठाला नेमका आतला हीटर बंद पडला. आलोकनं फोन लावले. रिसेप्शनवर कुणी उचलेना.

“मीच गाडीनं जाऊन येतो,” तो म्हणाला. “दुसरा हीटर घेऊन येतो, नाश्ताही आणतो. तासभर लागेल.” बाहेर हॉटेलचा माणूस दुव्वा फुलवून, वर किटली ठेवून निघून गेला होता. आलोक दारात थबकला. “आई, ती बाहेरच राहू दे हं.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तुम्ही.”

गाडी गेली. बाईंनी मागच्या न्हाणीघरात गरम पाण्यानं अक्षराला न्हाऊ घातलं. टाळूवर तेल जिरवलं, टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं, तर त्या गार तंबूत पोर थडथडायला लागली. ओठ थरथरतायत, आणि रडं असं की ऐकवेना. जुईलीनं तिला पोटाशी घेतलं, पदराखाली घेतलं, तरी थांबेना. बाळाबरोबर जुईलीही रडायला लागली.

झालं. बाई उठल्या. दोन ओली फडकी घेतली, बाहेर जाऊन किटली उतरवून ठेवली आणि दोन्ही हातांनी ती जड शेगडी उचलून आत आणली.

“आई, नको ना! आलोकला कळलं तर?”

“त्यांना कोण सांगतंय? पाच मिनिटं. धुरी देते आणि लगेच बाहेर ठेवते.”

“नक्की?”

“तुझ्या गळ्याची शपथ.”

वारा लागू नये म्हणून दाराच्या पडद्याची चेन त्यांनी खालपर्यंत ओढली. खालच्या फटीत घोंगडी कोंबली. कॉटच्या कडेला शेगडी ठेवली, चिमूट टाकली. ओव्याचा नि लसणीचा ओळखीचा वास भरून राहिला आणि बाईंना भरून आलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा आपण इथं कशाला आलोय ते त्यांना कळल्यासारखं झालं. धुरावर त्यांनी बाळाची पाठ शेकली, पोट शेकलं, तळवे शेकले. अक्षराचं रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके थांबले, डोळे मिटले. जुईली तिला कुशीत घेऊन आडवी झाली.

“आई गं, काय बरं वाटतंय,” ती पुटपुटली आणि तिचाही डोळा लागला.

धूर विरला. आता शेगडी बाहेर ठेवायची. बाई उठल्याही होत्या. पण तंबू आत्ता कुठे उबत होता, पोरीचे पाय अजून बर्फ होते, आणि चेन उघडली की तो मेला वारा आत घुसून दोघींची झोप मोडणार. राहू दे अजून थोडी. धूर तर गेलाच आहे, नुसते निखारे तर आहेत. लंगोटं धुऊन आले की ठेवते. असं म्हणून त्यांनी बादली उचलली, एवढीशी फट करून त्या बाहेर पडल्या, आणि बाहेरून चेन पुन्हा काळजीपूर्वक लावून घेतली.

नळ तंबूच्या मागे होता. बाईंनी आठ लंगोटं धुतली, दोन झबली धुतली, तंबूच्या दोरांवर वाळत घातली. पाण्यानं बोटं सुन्न पडली, पण मन कसं पिसासारखं हलकं झालं होतं. नाशिकला गेल्यावर शेजारच्या सुखदाला कसं सांगायचं ते त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं. जावई माझा गॅसचा मोठा इंजिनियर, पण शेवटी पोर झोपली कशानं? माझ्या धुरीनं! वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील.

त्या आत आल्या, चेन लावली. आत काय सुरेख ऊब होती! दोघी मायलेकी तशाच झोपलेल्या. अक्षराच्या गालांवर लाली चढली होती. जन्मल्यापासून इतकी गुलाबी ती कधी दिसली नव्हती. बाईंनी कडाकडा बोटं मोडली आणि कॉटशेजारच्या लोडाला टेकल्या. डोकं जरा जड वाटत होतं. वाऱ्यात उभी राहिले ना, म्हणून. पोटात ढवळतही होतं. रात्री त्या लोकांनी वांग्याचं काय ते तेलकट खायला घातलं, ते बाधलं असणार. क्षणभर डोळे मिटावेत असं त्यांना वाटलं. मिटलेही.

कसल्याशा वासानं त्यांनी ते उघडले. ओव्याचा नाही, धुराचा नाही. काहीतरी करपल्याचा.

जुईलीचा हात कॉटवरून खाली लोंबत होता. बोटांची टोकं शेगडीच्या पितळी काठाला टेकली होती. टेकली होती आणि तशीच टेकून राहिली होती.

बाईंनी तो हात हिसडून वर घेतला. बोटांवर फोड आले होते. जुईली “आई गं” म्हणाली नाही. तिनं कूसही बदलली नाही.

“जुई? ए जुई!” त्यांनी तिला हलवलं. गालावर चापट मारली. मान इकडची तिकडे झाली आणि तशीच राहिली. आणि मग बाईंना आलोकचे शब्द आठवले, त्याच्या त्या हळू आवाजातले, जसेच्या तसे. माणसाला नुसती झोप येते. झोपला की झोपला.

त्या ताडकन उभ्या राहायला गेल्या आणि गुडघ्यांतून मोडून खाली बसल्या. पाय आपले नाहीतच जणू. डोळ्यांपुढे काजवे. त्यांनी बाळाला कुशीतून ओढून काढलं. एवढीशी मान, कुठंही कलंडत होती. पोर छातीशी धरून बाई गुडघ्यांवर, एका हातावर, गालिच्यावरून सरपटत निघाल्या. दार पाच पावलांवर होतं. ती पाच पावलं काही केल्या संपेनात.

चेन अडकली. अडकणारच. आपणच कोंबलेल्या घोंगडीची कड तिच्या दातांत गेली होती. बोटांनी धरावं तर बोटांत जोर नाही, पकड सुटतेय. बावीस बाळांना न्हाऊ घातलेले हात, आणि एवढासा पत्र्याचा तुकडा धरवेना! बाईंनी खाली वाकून चेनीचा तो तुकडा दातांत धरला आणि मानेला हिसका दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चेन सुटली आणि त्या बाळासकट बाहेर वाळूत पडल्या.

गार वारा तोंडावर आला. बाईंनी बाळाला दाराशी अंथरलेल्या चटईवर पालथं घेतलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. “अक्षरा, ए सोने, ऊठ गं. आजीला शिव्या घाल पण ऊठ.” काही नाही. पुन्हा पाठ चोळली, जोरानं चोळली. मग त्या चिमण्या छातीतून घशात अडकलेल्या हुंदक्यासारखा एक आवाज आला आणि पोट वर-खाली हललं. रडली नाही. पण श्वास होता.

आणि जुईली आत होती.

बाईंनी आरोळी ठोकली. घशातून फक्त घोगरा आवाज निघाला आणि तो वाऱ्यानं नेला. ऐकायला होतं कोण? फायबरचे उंट. बाळाला चटईवर ठेवून, दम धरून त्या परत आत गेल्या. लेकीला काखेत हात घालून ओढलं. पासष्ट किलोची धडधाकट बाई, त्यांनी सगळा जीव लावून ओढली तेव्हा वीतभर सरकली. दुसऱ्यांदा ओढताना दम सुटला, आतली हवा छातीत गेली आणि समोरचं सगळं लांब जायला लागलं.

मी इथं पडले, तर ही इथंच जाईल. आणि ती बाहेर वाळूत एकटी जाईल.

चारुशीलाबाईंनी लेकीचा हात सोडला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ अवघड गोष्टी केल्या होत्या. सासूची आठ वर्षं शुश्रूषा केली होती, धाकटा भाऊ डोळ्यांदेखत जाताना पाहिला होता. पण स्वतःच्या बेशुद्ध पोरीचा हात हातातून सोडून पाठ फिरवायची, यासारखं काही त्यांना करावं लागलं नव्हतं. त्या रडत होत्या, स्वतःला शिव्या घालत होत्या आणि रांगत होत्या.

बाहेर आल्यावर त्या तंबूच्या तळ्याकडच्या अंगाला गेल्या. तिकडची कनात नुसती दोरांनी खुंट्यांना बांधलेली होती. काल हॉटेलच्या माणसानं हवा छान असली की ती वर गुंडाळतात म्हणून दाखवलंही होतं. तेव्हा बाईंनीच म्हटलं होतं, नको रे बाबा, ओल्या बाळंतिणीला वारा लागेल. आता त्या एकेक गाठ सोडायला लागल्या. पहिली नखांनी सुटली. दुसरीला नखं तुटली. तिसरी सुटेचना, तेव्हा खुंटीच लाथेनं आडवी केली. सव्वा महिना ज्या वाऱ्याला त्यांनी दारं-खिडक्या लावून बाहेर ठेवलं होतं, त्याला आता हाका मारत होत्या. “ये रे बाबा, ये, शीर आत, माझी पोर आत आहे!” चौथी गाठ सुटली आणि कनात फडफडत उडाली. वारा आरपार घुसला. उशा उडाल्या, पितळी दिवे खणाणले, शेगडीतली राख तंबूभर झाली.

बाई धावत, म्हणजे पडत-उठत, बाळापाशी आल्या. अजून श्वास होता. त्यांनी तिला झोळीत घ्यावं तसं पदरात घेतलं. तेवढ्यात आलोकची गाडी वळणावर दिसली.

त्याला काही सांगावं लागलं नाही. उडालेली कनात, वाळूत बसलेली सासू आणि कॉटशेजारची शेगडी त्यानं एका नजरेत पाहिली. तोंड मिटून, दम धरून तो आत घुसला आणि जुईलीला खांद्यावर टाकून बाहेर आला. तिचा श्वास पाहिला, बाळाचा पाहिला, फोनवर इंग्रजीत चार वाक्यं बोलला, दोघींना मागच्या सीटवर घातलं, सासूला पुढे बसवलं आणि गाडी तळ्याकडे हाणली. तळ्याच्या काठी पोहणाऱ्यांसाठी जीवरक्षकांची चौकी होती आणि चौकीत ऑक्सिजन असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्या दोन माणसांनी दोन नळकांडी उघडली. एक मुखवटा जुईलीच्या तोंडावर, दुसरा अक्षराच्या. तो एवढा मोठा की पोरीचं अख्खं तोंड त्यात बुडालं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आलोक वाळूत गुडघे टेकून दोघींच्या छात्यांकडे पाळीपाळीनं बघत होता. बाई जरा लांब उभ्या होत्या. जवळ जायची त्यांची हिंमत होत नव्हती.

हॉस्पिटलात त्यांनाही ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं. नीरजा नावाची सांगलीची एक नर्स होती. तिनं मराठीत विचारपूस केली तसा बाईंचा बांध फुटला. थोड्या वेळानं डॉक्टर आले. आलोक त्यांच्यामागे उभा होता.

“डॉक्टर विचारतायत,” नीरजा म्हणाली, “शेगडी आत किती वेळ होती? त्यावर पुढची ट्रीटमेंट ठरायची आहे. बाळाला दुसरीकडे हलवायचं की नाही, तेही.”

“पाच मिनिटं,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

कसं आलं तोंडातून कोण जाणे. डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आलोक नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विनवणी होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मरणाच्या दारातून पोरीला ओढून आणली आणि आता तोंड वाचवायला परत लोटतेय मी!

“नाही, नाही. पाऊण तास,” त्या म्हणाल्या. “आलोकराव गेले आणि मी बाळाला न्हाऊ घालून आत आणली, तेव्हापासून. दार बंद होतं. फटी बुजवल्या होत्या. मीच बुजवल्या. सगळं लिहून घ्या म्हणावं.”

नीरजानं भराभर सांगितलं, डॉक्टरांनी भराभर लिहिलं. मग किती तरी वेळ माणसं आत-बाहेर करत राहिली, पुन्हा रक्त घेऊन गेली, फोन झाले. बाई भिंतीकडच्या खुर्चीत बसून होत्या. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही तोंडातून येईना. तिसऱ्या प्रहरी नीरजा आली ती हसतच आली. बाळाचे आकडे उतरत होते. हलवायची गरज नव्हती. दूध ओढायला लागली होती. “अजून दहा-पंधरा मिनिटं आत राहिली असती ना मावशी, तर आम्ही काही करू शकलो नसतो,” ती म्हणाली. तिला आपलं दिलासा द्यायचा होता. बाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली.

चारच्या सुमारास जुईलीला नीट शुद्ध आली. डोळे सुजलेले, उजव्या हाताच्या बोटांना पट्टी. अक्षराला आणून तिच्या डाव्या कुशीत ठेवलं. त्याच बाजूच्या खुर्चीवर आई बसली होती, पायथ्याशी आलोक. जुईलीनं आधी बाळाचं डोकं हुंगलं, मग दोघांकडे पाहिलं.

“काय झालं गं? मला धुरीपर्यंतच आठवतंय. मग काय छान झोप लागली.” ती आईकडे बघून हसली. “शेगडी तर तू लगेच बाहेर ठेवलीस. मग हे कशानं?”

आलोकनं घसा खाकरला.

“तो हीटर बंद पडला होता ना,” तो म्हणाला, “त्यातच काहीतरी...”

“आलोकराव, थांबा.” चारुशीलाबाई म्हणाल्या. “माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलू नका. मला ते झेपायचं नाही.” त्या लेकीकडे वळल्या. “मी ठेवली नाही गं बाहेर. तुझी शपथ घेतली आणि ठेवली नाही. तुम्ही झोपलात, मला वाटलं माझ्या हातगुणानं झोपलात. तुम्ही मरत होतात, जुई, आणि मी पलीकडे लंगोटं वाळत घालत होते. परत येऊन बाळाचे त्या गॅसनं गुलाबी झालेले गाल बघून बोटं मोडली मी.”

जुईली आईच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. बाईंना वाटलं, हिला जवळ घ्यावं, निदान बाळाच्या पायाला तरी हात लावावा, आणि त्यांनी हात पुढे केला.

जुईलीनं पट्टीचा हात बाळाखाली घातला. दुखलं असणार, चेहरा वेडावाकडा झाला तिचा. पण तिनं बाळ उचललं, अंगावरून पलीकडे नेलं आणि उजव्या कुशीत, आईपासून लांब, भिंतीच्या बाजूला ठेवलं. आपण असं काही केलं हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. कळलं तेव्हा ती गोरीमोरी झाली.

“आई, मी मुद्दाम नाही...”

चारुशीलाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. डोळ्यांना धार लागली होती, ती त्यांनी पुसली नाही.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “बरोबर केलंस. तिकडेच ठेव तिला.”